दारातलं गाढव आणि हार्करबाईंचं मत

मी आल्डरमन बोलतोय.

दचकू नका. नगरपालिकेत मखमली खुर्चीवर बसून पेंगणारे, ज्येष्ठ म्हणून गळ्यात साखळी घालून मिरवणारे आल्डरमन ते वेगळे. मी गाढव. करड्या रंगाचं, उजवा कान फाटलेलं, खरंखुरं चार पायांचं गाढव. आल्डरमन हे माझं नाव आहे, आणि ते मला कोणाच्या मेहेरबानीने मिळालेलं नाही.

या मार्डनमथ बंदरात मला ओळखत नाही असं कोणी नाही. गोदीवरच्या हमालांपासून टेकडीवरच्या बंगल्यांतल्या मोलकरणींपर्यंत सगळ्यांनी मला कधी ना कधी शिव्या दिल्या आहेत. मी वाटेत उभा राहतो म्हणून देतात. अरे, पाठीवर ओल्या वाळूची पोती घेऊन ही चढण एकदा चढून बघा, मग बोला. मी दमलो की थांबतो. विचारून थांबत नाही, एवढाच माझा गुन्हा.

माझा जन्म खाडीपलीकडच्या माळावरचा. आई कोणाची तरी कोळशाची गाडी ओढायची. थोडा मोठा झाल्यावर मला शरदातल्या जत्रेत आणलं, आणि तिथे रूबेन हार्कर नावाच्या खलाशाने विकत घेतलं. सोबत त्याची नवी नवरी होती, केझाया. ती म्हणाली, "अहो, हे हलत का नाही?" रूबेनने मला ढकललं, ओढलं, गाजर दाखवलं. मी जागचा हललो नाही. गाजर मात्र खाल्लं. मग मी एकदा ओरडलो आणि अर्धी जत्रा वळून बघायला लागली.

रूबेन पोट धरून हसला. "खातो भरपूर, हलत नाही, आणि तोंड उघडलं की सगळ्यांना वाटतं काहीतरी महत्त्वाचं बोलतोय. अगं, हा तर आल्डरमन!"

तेच नाव पडलं. पुढे रस्त्यातून जाताना केझाया ओरडायची, "आल्डरमन, हल की मेल्या!" आणि समोरून खरेखुरे आल्डरमन येत असले की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तिने नाव बदललं नाही. "गाढवाला काही वाटत नाही, तर त्यांना का वाटावं?" म्हणायची.

आम्ही राहायचो पेलिकन यार्डात. एका अरुंद बोळातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना चिकटून उभी घरं, मध्ये फरसबंदी, आणि फरसबंदीच्या मधोमध उघडं गटार. पाण्याचा नळ एकच, तोही गटाराच्या काठावर. केझाया पहाटे किनाऱ्यावरून पांढरी वाळू भरायची आणि आम्ही ती घरोघर विकायचो. लोक त्या वाळूने लाकडी जमिनी आणि भांडी घासत. रूबेन देवमाशांच्या शिकारीला उत्तरेकडे जायचा, वसंतात निघायचा आणि पानगळ संपायच्या आत परत यायचा. आल्यावर आधी बायकोला मिठी, मग मला एक सफरचंद.

एका वर्षी बाकीची जहाजं परत आली, त्याचं आलं नाही. आलेल्यांपैकी कोणी म्हणालं, बर्फात अडकलेलं पाहिलं. कोणी म्हणालं, ते दुसरंच जहाज होतं.

आमच्या बंदरात एक रीत आहे. खलाशाची बायको जोवर काळे कपडे घालत नाही, तोवर तिचा नवरा 'सफरीवर' आहे. मग कितीही दिवस जावोत, लोक तसंच बोलतात. हिवाळा सरता सरता त्या जहाजावरच्या एकेकाच्या बायकोने काळं घातलं. केझायाने घातलं नाही. ती तिच्या निळ्या शालीतच वाळू विकत राहिली. "रूबेन कुठाय?" कोणी विचारलं की "सफरीवर" म्हणायची आणि पुढे चालायची.

खलाशांच्या विधवांना मदत देणाऱ्या संस्थेचा एक माणूस आला. चांगला होता बिचारा. म्हणाला, "बाई, फक्त विधवा म्हणून सही करा, दर आठवड्याला काहीतरी मिळेल."

"वाळू पाहिजे का?" केझायाने विचारलं.

"नको."

"मग वाट सोडा, आल्डरमनला वळायला जागा लागते."

अशी अकरा वर्षं गेली. पहिली काही वर्षं लोक सांभाळून बोलत. नंतर पोरं मागून ओरडायला लागली, "हार्करबाई, सफर लांबली वाटतं!" ती वळून बघायची नाही. मी मात्र एकदोघांना मागच्या पायाने उत्तर दिलं आहे, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आता निवडणुकीकडे येतो.

आमची नगरपालिका पूर्वी काय चीज होती ते जुनी माणसं सांगत. आतले लोक एकमेकांनाच निवडून द्यायचे, मेजवानी झोडायचे आणि दार लावून घ्यायचे. मग कायदा झाला आणि घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांना मत मिळालं. त्याला आता पिढी लोटली. पण आमच्या वॉर्डात निवडून येणारा माणूस काही बदलेना. सेप्टिमस गार्बट. पेलिकन यार्डातली सगळी घरं त्यांची, शेजारचा दोरखंडाचा कारखाना त्यांचा. घरांचे भाडेकरू त्यांचे आणि कारखान्यातले मजूरही त्यांचेच. मग मतं कोणाला जाणार?

कारण त्या काळी मत लपवून द्यायची सोय नव्हती. उमेदवाराचं नाव असलेल्या कागदावर आपली सही करून तो टेबलावर द्यायचा. टेबलामागचा साहेब ते नाव मोठ्याने वाचायचा, आणि दोन्ही बाजूंची माणसं तिथेच उभं राहून ऐकायची. घरमालकाविरुद्ध मत दिलं की संध्याकाळपर्यंत घरमालकाला कळलेलं असायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात यार्डात ताप शिरला. आमच्या शेजारणीची, फिली कूपलंडची नात टॅबी गेली. गोड पोरगी. माझ्या फाटक्या कानात गुपितं सांगायची. मी ती कोणाला सांगितलेली नाहीत, सांगणारही नाही. डॉक्टर गटाराकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बुजवा आणि नळ लांब न्या." बायका गार्बटसाहेबांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "गटार बांधीन, पण मग भाडं वाढेल. तुम्हालाच झेपणार नाही. मी तुमचाच विचार करतोय." नगरपालिकेच्या सभेतही त्यांनी हाच विचार केला आणि गटाराचा ठराव हाणून पाडला.

फिली घरी येऊन नुसती बसून राहिली. रडलीसुद्धा नाही. ते बघून केझायाने हातातली बादली अशी आपटली की मी दावं तोडलं.

आणि त्याच वर्षी तो नवा कायदा आला. स्वतःच्या नावावर घरपट्टी भरणाऱ्या बाईलाही नगरपालिकेत मत. फिली एक दिवस बोळातून धापा टाकत आली. "अगं केझाया, चर्चच्या दारावर मतदारांची नावं लावलीत. आपली आहेत त्यात! मी वाचलं. माझं आहे, आणि तुझं पण. हार्कर, केझाया, विध—"

"पुढचं वाचू नकोस," केझाया म्हणाली.

मेख तिथेच होती. मत होतं ते बिनलग्नाच्या बायकांना आणि विधवांना. नवरा असलेल्या बाईला नाही. घरपट्टीच्या कारकुनाने केझायाला केव्हाच विधवा धरून टाकलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"मी कोणाला काही सांगितलेलं नाही," केझाया म्हणाली. "त्यांनी लिहिलंय, ते त्यांचं. मी आपली जाणार, कागद देणार आणि येणार."

गार्बटांच्या विरोधात अ‍ॅमॉस लिजेट उभे होते. पिंपं बांधायचा धंदा, रविवारी प्रार्थनामंदिरात उपदेश. साधा माणूस, पण लांबण लावायची सवय. दारात येऊन त्यांनी गटारावर एवढं लांबलचक भाषण दिलं की मला झोप लागली. शेवटी केझाया म्हणाली, "लिजेटसाहेब, मत तुम्हालाच आहे. पण निवडून आल्यावर थोडक्यात बोला, म्हणजे गटाराला वेळ उरेल." ते लाजले आणि गेले.

मग गार्बटांचा माणूस आला, पाउंडर. गुळगुळीत दाढी, हातमोजे. "हार्करबाई, सोमवारी साहेबांची गाडी येईल तुम्हाला न्यायला. गाद्या आहेत आत. साहेब म्हणाले, आमच्या यार्डातल्या बायका पायी जाता कामा नयेत."

आमच्याकडे उमेदवाराच्या गाडीत बसणं म्हणजे त्याला मत, असं सगळे धरूनच चालत. इतकं, की गाडीतून आलेल्याचा कागद उमेदवाराची माणसं आधी तपासायचीही नाहीत.

"माझी गाडी आहे," केझाया म्हणाली.

पाउंडरने माझ्याकडे बघितलं. "याच्यावरून?"

मी त्याच्या हातमोज्यावर शिंकलो.

मतदानाचा दिवस उजाडला. नोव्हेंबरचा पहिला दिवस, समुद्रावरून बोचरा वारा. बोळाच्या तोंडाशी गार्बटांची बंद गाडी उभी राहिली, घोड्यांच्या कपाळावर निळ्या रिबिनी. निळा हा गार्बटांचा रंग. फिली कूपलंड चक्क तिच्यात जाऊन बसली.

"फिले!" केझाया ओरडली. "तू?"

फिलीने खिडकीतून डोकं काढलं. "जन्मात बसले नव्हते गं गाडीत. बसू दे की!" आणि आवाज उतरवून म्हणाली, "आणि मत द्यायचं आहे ते मला. या घोड्यांना कोण विचारतंय?"

आम्ही मागून निघालो. केझाया गाडीच्या फळीवर बसली होती, निळी शाल तीच, पण केस नीट बांधलेले. वाटेत दोरखंडाच्या कारखान्यातली टोळकी होती. त्यांनी मला अडवून माझ्या कानांना निळी रिबीन बांधली. "आल्डरमन आमचा! हार्करबाई आमच्या!" टाळ्या, शिट्ट्या. केझाया खाली उतरून सोडणार, तेवढ्यात मी डोकं हलवलं, रिबिनीचं टोक तोंडात आलं, आणि मी ती खाल्ली. चव म्हणाल तर काही नव्हती. पण गार्बटांची रिबीन चावून चावून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश खाण्यात जे सुख होतं ते ओल्या क्लोव्हरच्या गवतातही नाही. कारखान्यातलेच काही मजूर हसायला लागले. त्यांना साहेबांसाठी शिट्ट्या माराव्या लागत होत्या, मनातून मारायच्या नव्हत्या.

मतदान चर्चच्या, एरवी रविवारी भरणाऱ्या शाळेत होतं. दरवाजा रुंद, कारण शेजारच्या गोदामाचा माल कधीकधी आत ठेवत. केझाया माझा लगाम हातात धरूनच आत शिरली आणि मी मान आत घालून दारात उभा राहिलो. मला कोणी हाकललं, पण मी हललो नाही. माझं नाव काय आहे ते आधीच सांगितलं आहे.

आत एक लांब टेबल होतं आणि त्यामागे चष्मेवाले साहेब. एका बाजूला लिजेटांची माणसं, दुसऱ्या बाजूला पाउंडर आणि त्याची. फिली पुढे होती. साहेबांनी तिचा कागद घेतला, वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला. "फिलाडेल्फिया कूपलंड. मत, अ‍ॅमॉस लिजेट."

पाउंडरचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही आमच्या गाडीतून आलात!"

"हो ना," फिली म्हणाली. "गाद्या फार छान आहेत. साहेबांना सांगा."

हशा पिकला. आता पाउंडर सावध झाला. केझाया पुढे झाली तेव्हा तो तिच्याकडे असा बघत होता की माझे कान उभे राहिले.

साहेबांनी विचारलं, "केझाया हार्कर आपणच?"

"मीच."

"आज आधी मत दिलेलं नाही ना?"

"नाही." तिने कागद पुढे केला.

"थांबा," पाउंडर म्हणाला. "माझी हरकत आहे. हार्करबाई, तुमचे यजमान कुठे असतात?"

माझ्या लगामावरची तिची पकड घट्ट झाली.

"सफरीवर," ती म्हणाली.

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"म्हणजे जिवंत आहेत." पाउंडर हसला. आवाज अगदी मऊ. "मग तुम्ही लग्नाच्या बाई. तुम्हाला मत नाही. तो कागद घ्या आणि घरी जा, कोणी काही म्हणणार नाही. नाहीतर इथे, सगळ्यांसमोर सांगा, रूबेन हार्कर मेला म्हणून. मग खुशाल मत द्या."

चष्मेवाले साहेब अस्वस्थ झाले. "बाई, मला विचारणं भाग आहे. आपण विधवा आहात का?"

फिलीने तिचा दंड धरला. "सोड गं केझाया. चल घरी. एका मताने काय होतंय?"

केझाया तिच्याकडे वळली. "टॅबी गेली तेव्हा म्हणालीस का तू, एका पोरीने काय होतंय?"

फिलीचा हात खाली पडला.

मी दारातून सगळं बघत होतो. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. ती पाठ मी अकरा वर्षं रोज बघत आलो होतो. ती कधी वाकली नव्हती, आणि तेव्हाही वाकली नाही. पण हलली. आतून कोणी ढकलल्यासारखी.

"रूबेन हार्कर मेला," ती म्हणाली. "बर्फात जहाज गेलं. माणसं गेली. तोही गेला. मी त्याची विधवा. ऐकू आलं ना? मागच्यांना ऐकू आलं का? अकरा वर्षांत या नगरपालिकेने मला एक शब्द विचारला नाही. नळ हवा का विचारलं नाही, पोरं का मरतात विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलंत ते हे. आता सांगून झालं. घ्या माझा कागद."

साहेबांनी कागद घेतला. "केझाया हार्कर. मत, अ‍ॅमॉस लिजेट."

आणि मी ओरडलो. आयुष्यात तसा कधी ओरडलो नव्हतो. शाळेच्या खिडक्या हलल्या.

"त्या जनावराला बाहेर काढा!" पाउंडर किंचाळला.

"आल्डरमनना बाहेर काढताय?" मागून कोणीतरी म्हणालं. "मग आधी सभा तहकूब करा!"

सगळे हसले. केझाया हसली नाही. ती माझा लगाम धरून बाहेर आली, गाडीवर बसली आणि म्हणाली, "चल." तिचा शब्द पुरा व्हायच्या आत मी चालू लागलो होतो.

त्या वर्षी लिजेट पडले. थोडक्यात पडले, पण पडले. ज्या मतासाठी तिने एवढं केलं, त्याने काही झालं नाही, असं गोदीवर लोक म्हणाले. म्हणू देत.

दुसऱ्या दिवशी यार्डातल्या बायका हॅम, मनुकांचा पाव आणि चहा घेऊन आल्या. आमच्याकडे कोणी गेलं की असंच येतात. अकरा वर्षं थांबलेला दुखवटा त्यांना एकदाचा करायचा होता. एकीने काळी शालही आणली होती. केझायाने सगळ्यांना बसवलं, चहा ओतला, शाल परत दिली. म्हणाली, "मी तिथे बोलले ते मतासाठी. मनासाठी नाही. पाव छान झालाय, अजून घ्या."

फिली मात्र सगळ्या गेल्यावरही बसून होती. मी खिडकीतून मान आत घालून दोघींच्या सोबतीला होतो.

आठवडा संपायच्या आत घर सोडायची नोटीस आली. केझायाला, आणि फिलीला पण. गार्बटसाहेबांनी स्वतः सही केली होती. पाउंडर ती घेऊन आला तेव्हा म्हणाला, "घर गेलं की घरपट्टी गेली, घरपट्टी गेली की मत गेलं. पुढच्या वर्षी निवांत झोपा, हार्करबाई."

हे मात्र त्याने सांगायला नको होतं. केझायाने त्याच वॉर्डात, डांबराच्या कोठारामागे दोन खोल्यांचं घर शोधलं. वर एक, खाली एक. फिलीलाही सोबत घेतलं. सगळा संसार माझ्या गाडीवर चढला. घरांत एक दिवसाचाही खंड पडला तर नाव कापलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एका घराची किल्ली दिली आणि त्याच दुपारी दुसऱ्याची घेतली. त्या दिवशी मी वाटेत एकदाही थांबलो नाही. लोकांनी आश्चर्याने बघितलं. बघा, म्हटलं. आल्डरमन धावतोय, बघून घ्या.

वर्षभर तिने घरपट्टी स्वतःच्या नावे भरली. वाळू जास्त विकली, खाल्लं कमी. मीही कमी खाल्लं, पण ते माझ्या मनाविरुद्ध, हे नमूद करतो. फिलीची घरपट्टी नव्हती, तिचं मत गेलंच. ती केझायाला म्हणायची, "आता तुझ्या एका मतावर दोघींचा हक्क." आणि मी दारातून कान हलवायचो. तिघांचा.

पुढचा नोव्हेंबर आला. तीच शाळा, तेच टेबल, तेच चष्मेवाले साहेब. मीही दारात तसाच. या खेपेला मात्र रांगेत बायका जास्त होत्या. गेल्या वर्षी घाबरून घरी बसलेल्या, गार्बटांच्या भाडेकरू, दोरखंड वळणाऱ्यांच्या विधवा, गोदीवर मासे साफ करणाऱ्या. केझायाने कागद पुढे केला, तोच पाउंडर उठला.

"हरकत आहे. ही बाई गावभर सांगते की नवरा सफरीवर आहे. गेल्या आठवड्यातच सांगितलं, माझ्याकडे माणसं आहेत ऐकलेली. पुन्हा विचारा तिला. विधवा आहे का?"

साहेबांनी मान वर केली. "बाई, गेल्या वर्षीप्रमाणे फक्त एकदा..."

केझायाने टेबलावर हात ठेवला.

"गेल्या वर्षी मी त्याला इथे मारलं," ती म्हणाली. "याच टेबलावर. तुमच्यासमोर. तुम्ही लिहून घेतलंत. आता दर वर्षी मारू का त्याला? माणूस एकदाच मरतो, साहेब. माझा तर तेवढाही नव्हता मेला."

पाउंडरने तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाईने, जिला मी ओळखत नव्हतो, टेबलापर्यंत येऊन आपला कागद केझायाच्या कागदावर ठेवला. तिच्या मागच्या बाईने तिचा ठेवला. मग तिसरीने, मग चौथीने. साहेब त्या ढिगाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाउंडरकडे न बघता सगळ्यात खालचा कागद ओढून काढला आणि मोठ्याने वाचलं, "केझाया हार्कर. मत, अ‍ॅमॉस लिजेट." आणि पुढचा घेतला.

त्या वर्षी लिजेट आले. अर्थातच लगेच गटार झालं नाही. भाषणं झाली, समित्या झाल्या, पुन्हा भाषणं. पण शेवटी झालं. पेलिकन यार्डातलं गटार बंद झालं आणि नळ बोळाच्या तोंडाशी गेला. गार्बटसाहेबांना गळ्यात साखळी घालून आल्डरमन व्हायचं होतं, ते काही जमलं नाही. आमच्या वॉर्डात आल्डरमन म्हटलं की लोक अजून मलाच शोधतात.

आता मी म्हातारा झालोय. दात निम्मे गेले, गुडघे दुखतात, वाळू ओढणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. कातड्याचा व्यापारी मध्ये दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेला. केझायाने त्याला दोन्ही वेळा बोळाबाहेर घालवला. फिली गेली, दोन हिवाळ्यांपूर्वी. केझायाचे केस पांढरे झालेत. निळी शाल विटून करडी झाली, जवळजवळ माझ्या रंगाची. रूबेन अजून सफरीवर आहे.

आता मत लपवून देता येतं. लाकडी पेटी असते, पडदा असतो, कोणी वाचत नाही. उमेदवारांच्या गाड्या अजूनही येतात, आता तर सगळ्याच रंगांच्या. परवा एक आला होता. "आजी, तुमचे पाय दुखतात, आमच्या गाडीतून चला. कोणालाही मत द्या, आमचं काही म्हणणं नाही." किती गोड बोलतात आजकाल. केझाया म्हणाली, "माझी गाडी आहे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. मी काही केलं नाही. शिंक आली नाही, एवढंच.

तेव्हा येत्या नोव्हेंबरात तुम्हाला चढणीवर एक म्हातारी आणि एक म्हातारं गाढव रस्त्याच्या मधोमध उभी दिसली, तर एवढं ऐका. शिव्या द्या हवं तर, त्याची सवय आहे. पण ढकलू नका, ओढू नका, आणि उचलून तुमच्या गाडीत घालू नका. आम्ही वाट विसरलेलो नाही. दम खातोय. मतदान चार वाजता बंद होतं, आणि आम्ही त्याच्या आत पोचणार आहोत.